लॉकरमधला सातवा धडा

एक सांगा, समोरच्यावर विश्वास कशावरून ठेवता? त्याच्या बोलण्यावरून, की त्याच्या भिंतीवर टांगलेल्या सर्टिफिकेटवरून? विचारतोय, कारण ते सर्टिफिकेट मीच देतो.

मी पर्सनल ट्रेनर घडवणारा ऑनलाइन कोर्स बोलतोय. अंबाडी गावच्या अनंता सरांनी मला बनवलं. अर्धं आयुष्य जिममध्ये काढलेला माणूस. शूटिंग घरातच, मानेच्या व्यायामाच्या धड्यात मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. पण माल अस्सल. नवख्याला पहिल्यापासून शिकवतो, मुरलेल्याला विसरलेल्याची आठवण करून देतो. मुरलेले मात्र मला घेताना एवढंच विचारतात, "सर्टिफिकेट कधी मिळेल?" गिऱ्हाइकानं माल न्यावा आणि पाकीटच फोडू नये, तसं.

मला शेलार गावच्या स्नेहानं घेतलं. ती शेजारच्या पूर्णा गावात एका गोदामात पॅकिंगला होती. आत फोन नेता येत नाही, शिफ्टला जाताना लॉकरमध्ये ठेवायचा. पोरगी हुशार! धडे आधीच डाउनलोड करायची, आवाज बंद करायची, मला चालू करायची आणि लॉकरला कुलूप. आत अंधारात मी तिच्या जेवणाच्या डब्याला स्क्वॉट शिकवतोय! एक धडा संपला की दुसरा आपोआप. ड्युटी सुटेपर्यंत सगळ्यांवर हिरवी खूण.

सातवा धडाही असाच गेला. त्यात अनंता सर कॅमेऱ्याजवळ येऊन सांगतात, "वजन हातात देण्याआधी माणसाला विचारा. दुखणं काय, गोळी कुठली, आज काय खाल्लं." माझ्यातलं सगळ्यात मोलाचं तेच.

परीक्षा? उत्तर चुकलं की तोच प्रश्न मी पुन्हा विचारतो, बरोबर येईपर्यंत. मला घडवलंच तसं.

सर्टिफिकेट मिळताच स्नेहानं गोदाम सोडलं आणि पूर्णातच बायकांची व्यायामाची बॅच सुरू केली. भावनाताई सगळ्यात आधी आल्या. त्यांच्या शेतावर आता गोदामं उभी आहेत. हसत म्हणायच्या, "जमीन गोदामाला दिली बाय, आन् मीच गोदाम झाले. पोराच्या हलदीत नाचायचं हाय मना!"

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी त्या दारातच थबकल्या. "आज उपास हाय गं. राहू दे का?"

"उलट बरं, ताई. उपाशी पोटी चरबी लवकर जळते."

हे माझ्यात कुठेच नाही हो! कुठल्याशा रीलमधलं.

डायबेटिसची गोळी ताईंनी सकाळी नेमानं घेतली होती. स्नेहानं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

मी तिथेच होतो, खिडकीतल्या फोनमध्ये. फोनवर हळदीचं गाणं मोठ्यानं लागलेलं, आणि मी सातव्या धड्यासकट गप्प. ताईंचे हात थरथरले. कपाळावर घाम दाटला.

"अजून थोडं, ताई, जमतंय!"

ताई खाली बसल्या. मग आडव्याच झाल्या. कोणी बोट लावल्याशिवाय मला तोंड नाही. गाणं चालूच होतं.

रिक्षानं दवाखाना गाठला. सलाईनमधून साखर गेली तेव्हा कुठे ताईंनी डोळे उघडले. डॉक्टर स्नेहाला म्हणाले, "यांना गोळी चालू आहे, माहीत नव्हतं?"

"विचारलंच नाही."

"वरडू नका तिला," ताई पडल्या पडल्या म्हणाल्या. "गोली मी पन लपवली. जाडीला हसतात, आजाराला पन हसतील." मग स्नेहाकडे वळल्या. "पन बाय, आता तू इचारल्याबिगर डंबेलला हात लावनार न्हाय मी."

बाहेरच्या बाकावर बसून स्नेहानं मला उघडलं. सातवा धडा लावला, आवाज वाढवला. डोळे पुसत ती ऐकत राहिली. माझं भाग्य म्हणायचं, पण खूण तिथे आधीच हिरवी होती. लॉकरनं पाहिलेला धडा आणि तिनं पाहिलेला धडा, माझ्या लेखी एकच. तो फरक मांडायला माझ्याकडे जागाच नाही.

तुमच्याकडे आहे. म्हणून हात नसलेला मी हात जोडतो. माझ्या हिरव्या खुणांवर जाऊ नका. खरोखर शिकलात तेवढंच शिकलो म्हणा. एवढा एक हिशेब तुम्ही खरा ठेवा. माझ्याच्यानं तो होत नाही.