चिमीचे पुढचे दोन दात

"हसायचं तर ओठ मिटून हस गं." लहानपणी वेणीचा पेड ओढता ओढता चिमीच्या आईला तिची आई म्हणायची. रागाने नाही, अगदी मायेने. म्हणूनच ते मनात घर करून बसलं. चिमीच्या आईचे पुढचे दात लहानपणापासून डागाळलेले. लग्नाआधी एका दवाखान्यात ते चहूबाजूंनी घासून काडीएवढे केले आणि वर पांढऱ्याशुभ्र कॅपा चढवल्या. तेव्हापासून ती तोंडभर हसायला लागली खरी, पण सासरी कुणालाच, अगदी नवऱ्यालाही, तिने याचा पत्ता लागू दिला नाही. कॅप हलली की चष्म्याचा नंबर काढून येते म्हणायची आणि गुपचूप दात बसवून यायची.

आणि त्याच दातांचं कौतुक वन्संना पुरे म्हणून होत नसे. त्यांचं पार्लर होतं. आरशासमोर बसलेल्या बायकांना त्या सांगत, आमच्या वहिनीचे दात बघा, देवाने फुरसतीत बसवलेत. वहिनी मान खाली घालून हसायची.

मग चिमीचे दुधाचे दात पडले आणि पुढचे दोन नवे आले ते खडू फासल्यासारखे डाग घेऊनच. वर्गातली पोरं तिला 'खडू' म्हणायला लागली. खिदळताना घर डोक्यावर घेणारी पोर आता तळहाताआड हसू लागली. तो हात पाहिला की आईला स्वतःचे मिटलेले ओठ आठवायचे.

वन्संचा निकाल तयार होता: कॅपा बसवून टाका, एकदाच काय ते. त्या घासण्याचा आवाज आईच्या कानांत अजून होता. ती एवढंच म्हणाली, आधी मुलांच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू.

डॉक्टरीणबाईंनी दिवा धरून पाहिलं. दात धडधाकट आहेत, म्हणाल्या, फक्त वरचं कवच डागापुरतं भुसभुशीत राहिलंय. घासायचं काही कारण नाही. औषधाने डागाचं तोंड उघडायचं, आत पातळ रस मुरवायचा आणि निळ्या दिव्याने तो घट्ट करायचा. सुई नाही, मशीन नाही. मात्र डाग खोल असला तर रस पोचणारही नाही. मग पुढचा विचार.

ठरल्या दिवशी वन्सं आल्याच. तोंडावर ताणलेल्या रबराच्या पडद्यातून चिमीचे तेवढे दातच बाहेर डोकावत होते. कोरडे झाले तसे डाग आणखीच पांढरेफटक दिसू लागले. असं होतंच, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. औषध लावलं, धुतलं, वाळवलं आणि स्पिरिटचा थेंब सोडला. थेंबाने डाग विरला, तर रसानेही विरणार. डाग ढिम्म हलला नाही. पुन्हा औषध, पुन्हा थेंब. कडा तेवढ्या पुसटल्या.

"वहिनी, पोरीचे हाल कशाला करता?" वन्संना राहवेना. "उठवा तिला. कॅप चढवली की झालं मोकळं."

डॉक्टरीणबाईंनी आईकडे पाहिलं. अजून एकदा करता येईल, त्यापुढे मी दाताला हात लावणार नाही, म्हणाल्या. पडद्यावरून चिमीचे दोन डोळेही आईकडेच लागले होते.

"अजून एकदा करा," आई म्हणाली.

तिसरा थेंब पडला आणि उन्हात दव जावं तसा डाग गेला. डॉक्टरीणबाईंनी रस लावला, मुरू दिला, मग निळा दिवा धरला. पडदा निघाला. चिमीने आरसा घेतला, जीभ फिरवून पाहिली, मान वाकडी करून पाहिली आणि अशी खळखळून हसली की बाहेर बाकावर गाल धरून बसलेले एक अनोळखी काका दारातून डोकावले. ती धावत त्यांच्याकडे गेली आणि सगळी बत्तिशी त्यांना दाखवली. सुजला गाल सांभाळत तेही हसले.

वन्संचे डोळे भरून आले. त्यांनी भाचीला पोटाशी धरलं. "अगदी आईवर गेलीस बघ. तिच्यासारखेच मोत्याचे दात."

वहिनीने या वेळी मान खाली घातली नाही.

"नाही वन्सं. माझे पुढचे दात घासून वर कॅपा बसवल्यात, लग्नाच्या आधीपासून. आत नुसते खुंट आहेत. हिचे मात्र अख्खे आहेत. हिचे स्वतःचे."