आत्याचे रणगाडे

कवळ्या बनवण्याच्या त्या प्रयोगशाळेत तिला सगळे आत्या म्हणत. खरं तर ती तिथे कुणाचीच आत्या नव्हती. पण भाची एकदा विसरलेली छत्री द्यायला आली, दारातूनच "आत्या" अशी हाक मारून गेली, आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. साचे ओतणारा म्हातारा वयाने तिच्याहून चांगला मोठा, पण तोही बेलाशक आत्या म्हणायचा. डॉक्टरांकडून फोन आला की मालकसुद्धा सांगायचे, "थांबा, आत्यांना विचारतो."

तिचं काम मेणात दात बसवण्याचं. एकेक दात चिमट्याने उचलायचा, गुलाबी मेणाच्या हिरडीत टेकवायचा, जरासा तिरका करायचा आणि लांबून बघायचा. अगदी सरळ रांगेत बसवलेले दात खोटे दिसतात, हे तिचं ठाम मत होतं. या कामात घाई चालत नाही. तिने ती कधी केलीही नाही, ना कामात, ना घरात, ना लग्नाच्या बाबतीत. लग्नाचं तर तिने इतकं सावकाश घेतलं की शेवटी विचारणाऱ्यांनीच विचारायचं सोडून दिलं.

अशा बाईच्या घरी युद्ध कसं शिरलं, तर भाचीमुळे.

वहिनी गेली तेव्हा भाची नुकतीच कॉलेजात जायला लागली होती. दादाची नोकरी फिरतीची. त्याने मुलीला, तिच्या दोन बॅगांना आणि तिच्या भल्यामोठ्या कॉम्प्युटरला बहिणीच्या घरी आणून सोडलं आणि डोळे पुसत परत गेला. मुलगी बोलेना. जेवायला हाक मारली की यायची, मान खाली घालून चार घास खायची, आणि पुन्हा खोलीत जाऊन कानाला हेडफोन लावून बसायची. दार बंद. आत्या बिचारी दाराबाहेर घुटमळायची आणि काही न सुचून स्वयंपाकघरात परतायची.

एक दिवस मात्र तिने मनाचा हिय्या केला, दार ढकललं आणि विचारलं, "हे काय चाललंय?"

"युद्ध," भाची मागे न बघता म्हणाली.

"मला शिकवशील?"

तो इतिहासातल्या एका जुन्या महायुद्धाचा खेळ होता. पडद्यावर अख्खा नकाशा. आपण एक देश घ्यायचा, कारखाने चालवायचे, सैन्य उभारायचं, आणि शत्रूवर चालून जायचं. आत्याला पहिल्या दिवशी दिलेले रणगाडे तिने थेट समुद्राकडे हाकले. ते किनाऱ्यावर येऊन जागच्या जागी घुटमळत राहिले. आत्या गोंधळली. "अगं, हे पुढे का जात नाहीत? पाणी काही फार खोल दिसत नाही." त्या घरात आल्यापासून भाची तेव्हा पहिल्यांदा हसली. इतकी हसली की तिला हेडफोन काढून ठेवावा लागला.

त्या दिवसापासून वाटणी ठरली. आरमार भाचीचं, रणगाडे आत्याचे. आणि गंमत अशी की दिवसभर एकेका दातापाशी रेंगाळणारी ही बाई रणगाडे हातात आले की सुसाट सुटायची. मागे पायदळ आहे की नाही, इंधन पुरेल की नाही, कशाची म्हणून फिकीर नाही. फट दिसली की घुसवला रणगाडा. भाची ओरडायची, "आत्या, थांब जरा, तुझे सैनिक चालत येतायत." आत्या म्हणायची, "येतील की मागून, रस्ता दिसतोय ना त्यांना."

जहाजांना नावं भाचीने ठेवली होती. सगळ्यात मोठ्या युद्धनौकेचं नाव मोठी काकू, कारण ती नेहमी उशिरा पोचायची आणि पोचली की सगळ्यांनी बाजूला सरकायचं.

मग शिक्षण संपलं, भाचीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. जाताना तिने एक नवा छोटा कॉम्प्युटर घेतला आणि मोठा आत्याकडे ठेवला. म्हणाली, "आपण रविवारी दुपारी खेळायचं. मी तिथून, तू इथून." सुरुवातीला एकही रविवार चुकला नाही. मग कधी तिचं ऑफिसचं काम निघायचं, कधी मैत्रिणीचा वाढदिवस. "पुढच्या रविवारी नक्की हं, आत्या." आत्या म्हणायची, "अगं, असू दे." फोन ठेवल्यावर ती उगाच कपाट आवरायला घ्यायची.

पावसाळ्याच्या तोंडावर भाचीनेच नवी मोहीम काढली. शत्रूचं साम्राज्य अवाढव्य होतं आणि त्याचं निम्मं सैन्य दूर पूर्वेला गुंतलं होतं. राजधानी मात्र समुद्रापासून फार लांब नव्हती. भाचीच्या आरमाराने सामुद्रधुनी मोकळी करायची, आत्याचे रणगाडे उत्तरेच्या वाळूवर उतरवायचे, आणि शत्रूला शुद्ध यायच्या आत राजधानी गाठायची. खेळातल्या शरद ऋतूत पाऊस लागतो, चिखल होतो, रणगाडे रुततात. त्याआधी सगळं उरकायला हवं. आत्या आठवडाभर दात बसवता बसवता मनातल्या मनात तो किनारा चढत होती.

रविवार आला. आत्याने जेवण लवकर आटोपलं, चष्मा पुसला आणि हेडफोन लावला. भाचीचा आवाज कानात आला तेव्हा तिला एकदम बरं वाटलं. त्या आवाजामागे आणखी एक आवाज होता. कुणीतरी पुरुष विचारत होता, त्या पातेल्याचं झाकण कुठे ठेवलंय.

"कोण गं?"

"शेजारचे आहेत," भाची घाईने म्हणाली. "चल, निघालं माझं आरमार."

विनाशिका पुढे, मोठी काकू मध्ये, रणगाडे भरलेली जहाजं मागे. सामुद्रधुनीत पाणबुड्या दबा धरून होत्या. भाचीने त्या अशा काही हुडकून बुडवल्या की आत्याने टाळ्या वाजवल्या. किनारा लागला. रणगाडे वाळूवर उतरले. आत्याने बाह्या सरसावल्या. शत्रूची पहिली फळी पेंगतच होती, ती फोडून रणगाडे आतल्या रस्त्याला लागलेसुद्धा.

"आत्या, दारात कुणी आलंय. आलेच हं."

आत्याने खेळ थांबवून ठेवला. हेडफोन कानालाच होता. तिकडून हसण्याचे आवाज आले, खुर्च्या सरकल्याचे आले, मग काहीच आलं नाही. हेडफोन उतरवून तिने चहा केला. चहा प्यायला. कप विसळून ठेवला. परत येऊन बघते तो पडद्यावर लिहिलेलं, की दुसरा खेळाडू खेळ सोडून गेला आहे. फोनवर निरोप होता: आज नाही जमणार आत्या, पुढच्या रविवारी नक्की.

खेळ तसाच ठेवता आला असता. इतक्या वेळा ठेवला होता. पण त्या दिवशी आत्याचं मन घेईना. तिने हेडफोन पुन्हा लावला आणि खेळ पुढे सुरू केला.

खेळाडू गेला की त्याचं सैन्य कॉम्प्युटर चालवतो, आणि हा कॉम्प्युटर मोठा भित्रा. त्याने सगळं आरमार माघारी वळवलं, इंधनाच्या जहाजांसकट. रणगाडे परक्या मुलखात, पाठीशी रिकामा समुद्र. तेवढ्यात पडद्यावर प्रश्न आला: मित्राचं आरमार तुमच्या ताब्यात घ्यायचं का? तिचा हात थबकला. न विचारता भाचीचं कपाट उघडल्यासारखं वाटलं तिला. मग तिने हो म्हटलं.

जहाजं तिने कधी हाताळली नव्हती. वळायलाच ती केवढा वेळ घेत. तिने सगळ्यांना एकदम मागे फिरवलं आणि ती अरुंद पाण्यात एकमेकांत अडकली. वरून शत्रूची विमानं आली. मोठी काकू पेटली, कलली आणि नकाशावरून नाहीशी झाली. आत्याच्या तोंडून नकळत "अगंबाई" निघालं. एका जहाजासाठी आपल्याला इतकं वाईट का वाटावं, हे तिला कळेना.

पण हात चोळत बसायला वेळ नव्हता. तिने मोठ्या लढाऊ जहाजांचा नाद सोडला. उरलेल्या विनाशिका इंधनाच्या जहाजांभोवती लावल्या आणि तेवढीच वाट धरून ठेवली. रणगाड्यांचे दोन भाग केले. एक भाग वाकडी वाट करून शत्रूच्या बंदरावर गेला, तोही जमिनीच्या बाजूने, जिकडे कुणी तोफा लावल्याच नव्हत्या. बंदर पडलं, धक्क्याला इंधन लागलं. दुसरा भाग राजधानीच्या रस्त्यावर अडकत, निसटत, पुन्हा अडकत पुढे सरकत होता. पावसाची पहिली चिन्हं नकाशावर उमटली तेव्हा तिचे रणगाडे शहराच्या वेशीत होते. राजधानी पडली.

पडद्यावर विजयाची पाटी आली. दोन झेंडे, खाली दोन नावं. त्यातलं एक फिकट.

"जिंकलो गं," आत्या म्हणाली.

हेडफोन कानालाच होता. तिने तो काढून टेबलावर ठेवला. खिडकीबाहेर अजून चांगलं ऊन होतं. समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. आत्या बराच वेळ ते बघत बसली.

दुसऱ्या दिवशी कामावर तिला राहवेना. साचे ओतणाऱ्या म्हाताऱ्याला ती हळूच म्हणाली की काल आम्ही राजधानी घेतली. त्याला वाटलं, राजधानी नावाच्या इमारतीत घराचं काही जमलंय. कुठल्या भागात, कितव्या मजल्यावर, अशी त्याची चौकशी सुरू झाली. खेळातली म्हटल्यावर तो समजूतदारपणे हसला, मनाला तेवढाच विरंगुळा म्हणाला आणि पुन्हा प्लास्टर कालवू लागला. आत्याही चिमटा घेऊन आपल्या दातांकडे वळली.

भाचीचा फोन आला तो बुधवारी संध्याकाळी. आत्याने मोहिमेची सगळी हकीगत सांगितली, बंदर कसं घेतलं तेही. मोठी काकू बुडाली म्हणून माफीही मागितली.

"आत्या, रागावणार नाहीस ना? मला आता तो खेळ नाही आवडत गं. कधीचाच नाही आवडत."

"मग इतके दिवस का खेळलीस?"

"तुला एकटं वाटू नये म्हणून. तू नाही का शिकलीस माझ्यासाठी? मला तेव्हाही कळत होतं, तुला त्यातलं काही कळत नव्हतं ते."

भाचीने मग उरलेलंही सांगून टाकलं. रविवारचा तो आवाज शेजाऱ्यांचा नव्हता.

"ते मला कळलंच होतं," आत्या म्हणाली. "शेजारी कधी तुझ्या स्वयंपाकघरात झाकणं शोधतो का? मला का नाही सांगितलंस?"

"वाटलं, माझं लग्न ठरतंय म्हटल्यावर तुला आणखीच एकटं वाटेल."

हे मात्र आत्याला लागलं. आपण कुणाच्या तरी काळजीच्या यादीत जाऊन बसलो आहोत, रविवार दुपारच्या रकान्यात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"एकटं वाटतं मला, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "पण म्हणून तू नावडतं काम करत बसू नकोस. खेळ मला आवडतो, तो मी खेळेन. तू नुसता फोन कर. आणि त्याला घेऊन ये एकदा, बघू दे मला."

भाची रडत होती, का हसत होती, फोनवर नीट कळलं नाही.

पुढच्या महिन्यात दोघं आली. मुलगा लाजाळू, पण जेवल्यावर न सांगता ताटं उचलणारा. आत्याला तो आवडला. त्याने भीतभीत खेळाबद्दल विचारलं तेव्हा तिने त्याला नकाशा उघडून दाखवला, आणि तो मान डोलवत राहिला. त्याला कळत काहीच नव्हतं. मागे पलंगावर भाची उशी पोटाशी धरून झोपून गेली होती, कॉलेजात असताना झोपायची तशी. चारची गाडी होती. आत्या त्यांना सोडायला कोपऱ्यापर्यंत गेली आणि त्यांची रिक्षा वळल्यावरही थोडी उभी राहिली.

घरी येऊन तिने तीन कप विसळले, पलंगावरची चादर सारखी केली. मग खुर्ची ओढून कॉम्प्युटर लावला. नव्या मोहिमेला सुरुवात करताना खेळाने विचारलं, सोबत कोण खेळणार. आत्याने लिहिलं, कोणी नाही, आणि आरमार बंदरातून बाहेर काढायला लागली. जहाजं अजूनही तिच्याकडून वेळेवर वळत नव्हती.