गुब्बूच्या फ्रॉकवरचा तारा

मी एक जुना कोट आहे. खरं सांगायचं तर मला जुनं केलं गेलं. कपडेवाल्या मावशीने मला कोऱ्या लोकरी कापडातून शिवलं आणि लगेच दगडाने घासून माझी कोपरं विरवली, चहाच्या पाण्यात बुडवून रंग उतरवला. सिनेमातल्या एका लहान मुलीसाठी मी हवा होतो. शेवटी माझ्या छातीवर पिवळा तारा लावताना मात्र मावशीचा हात थांबला. तिने डोळे मिटून हात जोडले आणि मगच सुई उचलली.

मित्रांनो, फार वर्षांपूर्वी एका क्रूर राजवटीने ज्यू माणसांना असा तारा लावायला भाग पाडलं होतं. त्यांना घरांतून उचलून छावण्यांत नेलं आणि लाखोंना मारून टाकलं. त्यांत तुमच्याएवढी मुलंही होती.

मला टिल्ली घालायची. सिनेमात ती ज्यू मुलगी, तर गुब्बू तिची शेजारीण. गुब्बूला तारा नव्हता. कथेचा शेवट या दोघींना सांगायचा नाही, असं मोठ्यांनी ठरवलं होतं. "ट्रकमधून फिरायला जायचंय," एवढंच दिग्दर्शक म्हणाले होते. दोघी एका डब्यात जेवायच्या आणि हात माझ्या बाहीला पुसायच्या.

"अगं टवळ्यांनो, कोट आहे का पायपुसणं?" मावशी ओरडायची.

"तूच म्हणालीस ना, मळका दिसायला हवा!" गुब्बूचं उत्तर तयार असायचं.

सैनिकाचं काम करणाऱ्या नटाला दोघी शिपाईकाका म्हणत. त्यांच्या खिशात या दोघींसाठी नेहमी गोळ्या असत.

ट्रकच्या दृश्यात गुब्बूने दारात उभं राहून नुसतं बघायचं होतं. तिला ते मुळीच पटलं नाही. "टिल्ली एकटीच फिरणार आणि मी काय इथे माशा मारू?"

सिनेमात कपड्यांची, वस्तूंची एकेक जोड तयार ठेवतात. एक खराब झाली तर दुसरी हाताशी असावी म्हणून. तशी माझ्या ताऱ्याचीही जोड होती. गुब्बूने ती मावशीच्या डब्यातून हळूच काढून फ्रॉकला पिनेने लावली. ती दाराआड उभी राहिली, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

कॅमेरा सुरू झाला. शिपाईकाका दरडावत आले आणि तारा लावलेल्या मुलांना उचलून ट्रकमध्ये ठेवू लागले. टिल्लीला ठेवलं. तेवढ्यात गुब्बू धावत आली. काकांनी तिलाही उचललं, आत ठेवलं आणि मागची फळी लावली. ट्रक हलला.

"अहो, ती माझी मुलगी आहे! उतरवा तिला!" कॅमेऱ्यामागून गुब्बूची आई किंचाळली.

सगळं जागच्या जागी थांबलं. शिपाईकाकांनी डोक्यावरची टोपी काढली.

"रोज माझे खिसे चाचपते हो ही पोर," ते म्हणाले. "मी तोंड बघितलंच नाही. तारा दिसला, उचलली."

ट्रकमध्ये दोघी टाळ्या देऊन हसत होत्या.

"मावशी, काय झालं गं सगळ्यांना?" टिल्लीने विचारलं. "ट्रक कुठे जाणार होता?"

मावशीने दिग्दर्शकांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मग ती ट्रकवर चढली आणि दोघींना कुशीत घेऊन हलक्या आवाजात सगळं खरं सांगितलं.

"मुलंसुद्धा परत आली नाहीत?" गुब्बूने विचारलं.

"फार थोडी आली गं, राजा."

टिल्ली एकदम गुब्बूच्या फ्रॉकवरच्या ताऱ्याला झोंबली. पिन निघेना, बोटाला टोचून रक्त आलं, तरी ती ओढतच राहिली. "काढ आधी हे! तू उतर. तू आईकडे जा."

"आणि तू?"

माझा तारा पक्क्या दोऱ्याने शिवलेला होता. गुब्बूने वाकून माझ्या छातीला तोंड लावलं आणि ती दातांनी टाके तोडू लागली.

मित्रांनो, आता मी कपाटात असतो. मला कसर लागली तरी लागू दे. पण एखादी खूण दाखवून कुणी तुम्हाला माणसं वेगळी काढायला सांगितलं, तर आधी त्या माणसाचं तोंड बघा. देवासाठी, आधी तोंड बघा.