बारावा ठोका

लेकीचं लग्न आठवड्यावर आलं, तरी ओनोरीनचं बोलणं काही पॅरिसचं होईना. तिचा सगळा जन्म दक्षिण फ्रान्समधल्या बेझिएजवळच्या एका खेड्यात गेलेला. तिथे शब्दातलं प्रत्येक अक्षर पोटभर म्हणतात; पॅरिसवाले मधली अक्षरं गिळतात. ‘मला आवडेल’ याला ओनोरीन म्हणे ‘झे-म-रे’, चांगली तीन अक्षरं. पॅरिसला ‘झेम्रे’, दोनच. सहा वर्षांपूर्वी लेक नोकरीला तिकडे गेली आणि महिन्याभरात फोनवर हसून म्हणाली, “आई, झेम्रे म्हणतात गं.” लेक ते विसरलीही. आई कशाला विसरतेय?

आता व्याहीही पॅरिसचे. त्यांच्यासमोर लेकीची मान खाली जाऊ नये, म्हणून ओनोरीन रेडिओवरच्या बातम्या ऐकून जीभ वळवायला शिकत होती. नवरा आन्सेल्म द्राक्षमळ्यातून आला की कपाळाला हात लावी. “अगं, हे बोलणं आहे की दात पडलेला कंगवा?”

गावची रीत अशी, की लग्नाच्या जेवणात वधूच्या आईने बारा-बारा अक्षरांच्या ओळींत आशीर्वाद म्हणायचा आणि पाहुण्यांनी अक्षरागणिक सुरीच्या मुठीने टेबलावर ठोका द्यायचा. ओळ तोकडी पडली, तर गोड वाइनचा पेला एका दमात संपवून पुन्हा पहिल्यापासून.

लग्नाच्या दिवशी ओनोरीन उभी राहिली. ‘झेम्रे’ म्हणून सुरू केलेली ओळ अकरा अक्षरांतच आटोपली. बारावा ठोका एकटाच वाजला. सगळे खदखदून हसले. पेला रिकामा झाला. पुन्हा झेम्रे, पुन्हा तेच. आन्सेल्मने तिसरा पेला भरूनच ठेवला. बायकोवर त्याचा पूर्ण विश्वास. ओनोरीनला मात्र रडू यायचं बाकी होतं. उभा जन्म दुसऱ्यांच्या ओळी मोजल्या, आणि स्वतःची तोकडी पडली तीही लेकीच्या लग्नात.

नवरी उठून आईजवळ आली. हे काय चाललंय, तिने हळूच विचारलं.

“तुझ्या सासूसमोर नीट बोलतेय,” ओनोरीन पुटपुटली. “तूच शिकवलंस ना फोनवर.”

लेकीचा चेहरा उतरला.

“आई, तिकडे मला सगळे ‘माग्-लोन’ म्हणतात. दोन अक्षरांत उरकतात. माझं अख्खं नाव फक्त तू घेतेस. एकदा हाक मार.”

“मा-ग-लो-न,” ओनोरीन म्हणाली. मळ्यातून जेवायला बोलवायची, तशीच हाक.

“आता ओळ म्हण.”

“झे-म-रे,” ओनोरीनने सुरुवात केली. मला आवडेल, तुझ्या घराचं दार आम्हाला कधी बंद नसावं, अशी ती ओळ. बारावं अक्षर आणि बारावा ठोका एकदम पडले. सगळ्यांत जोरात ठोकलं ते विहीणबाईंनी. त्यांच्या ताटलीतला चमचा खाली पडला. तिसरा पेला वाया जाऊ नये म्हणून आन्सेल्मने पिऊन टाकला. डोळ्यांत पाणी आलं ते वाइनमुळेच, असं तो अजून सांगतो.

दुसरी ओळ सुरू झाली तेव्हा आईचा हात धरून मागलोनही म्हणत होती, एकही अक्षर न गिळता.