खिडकीखालच्या फटी

लाइल सारीने आयुष्यात दोन गोष्टी कुणाला न विचारता केल्या. तरुणपणी शाळा सोडून ओंडके वाहणाऱ्या ट्रकवर चढला, आणि गेल्या वर्षी आपल्या मोटारहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, छताला स्वतःच्या हाताने फटी बुजवायचं सिलिकॉन फासलं. पहिलीने त्याला बत्तीस वर्षं पोसलं. दुसरीची शिक्षा त्याची बायको नोरीन भोगत होती, चाळीस मैलांवरच्या इस्पितळात, नाकात नळी घालून.

सांगणारं कुणी नव्हतं असं नाही. शेजारच्या जागेवर बर्नी राहायची. वय चौऱ्याहत्तर, त्यातली तेवीस वर्षं चाकांवरच्या घरात काढलेली. तिने तेव्हाच हटकलं होतं, "लाइल, सिलिकॉन न्हाणीघरात लावतात रे. छताला लावलंस की त्याच्यावर पुन्हा काही म्हणजे काही चिकटत नाही. जन्मभर खरवडत बसशील."

"आमच्याकडे चाळीस वर्षं तेच लावतात," लाइल म्हणाला होता. आमच्याकडे म्हणजे कुठे, ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

वसंतात छत गळू लागलं. मग त्याने चांगलं, छताचे सांधे बुजवायचं सीलंट आणलं आणि त्या सिलिकॉनवरच ओतलं. महिन्याभरात ते उन्हाने सोललेल्या कातडीसारखं निघून आलं. पाणी छताच्या आतून सरकत पलंगामागच्या भिंतीत उतरलं, तिथे बुरशी धरली, आणि त्या भिंतीला डोकं लावून झोपणाऱ्या नोरीनच्या छातीत सप्टेंबरमध्ये न्यूमोनिया बसला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "घरात ओल आहे का?" लाइल म्हणाला, "थोडी होती. आता नाही."

आता सोमवारी सकाळी दहाला इस्पितळाची तमारा ग्रीर नावाची बाई घर बघायला येणार होती. तिच्याकडे भिंतीची ओल मोजायचं यंत्र असतं म्हणे. भिंत कोरडी निघाली तर नोरीन मंगळवारी घरी. नाहीतर सेलम शहरातलं शुश्रूषागृह, सहा आठवडे.

"माझी आईपण सहा आठवड्यांसाठीच गेली होती," नोरीन फोनवर म्हणाली होती. "मला तिथे पाठवू नकोस, लाइल. मी परत येणार नाही." लग्नाच्या चव्वेचाळीस वर्षांत तिने त्याच्याकडे असं काही मागितलं नव्हतं. फोन ठेवल्यावर तो गाडीच्या पायरीवरच बसून राहिला.

सडलेली फळी काढून त्याने नवी बसवली होती, हीटर लावून आतलं लाकूड सुकवलं होतं. राहिलं होतं छत. गुरुवारी तो शिडी लावून वर चढला. रविवारी पावसाचा अंदाज होता. म्हणजे हातात तीन दिवस, आणि ऑरेगनच्या किनाऱ्यावर ऑक्टोबरातला दिवस तो केवढासा! अकरापर्यंत धुकं हलत नाही. मग छत पुसा, सुकायची वाट बघा. चार वाजले की पुन्हा दव. ओल्या छतावर सीलंट धरत नाही, त्यामुळे दिवसाचे जेमतेम चार तास कामाचे.

त्यातले पहिले दोन दिवस नुसते खरवडण्यात गेले. लोखंडी पातं लावलं तर छताचं रबर फाटतं, म्हणून प्लास्टिकची खरवडणी. झरोक्यांच्या कडा, शिडीचे पाय, पुढचा-मागचा सांधा, प्रत्येक स्क्रूचं डोकं. जिथे तिथे त्याने गेल्या वर्षी मोठ्या हौसेने फासलेलं सिलिकॉन. नखाएवढा तुकडा निघायला पाच मिनिटं लागत. मग तिथे स्पिरिट लावून पुसायचं, बोट फिरवायचं, बोट घसरलं म्हणजे सिलिकॉन उरलंय, पुन्हा खरवडायचं. गुडघे सुजले, बोटांची सालं निघाली. "मूर्खा, मूर्खा," असं तो प्रत्येक तुकड्यागणिक स्वतःला म्हणत होता.

शुक्रवारी दुपारी खालून बर्नीने हाक मारली. "अरे, खाली उतरून सूप तरी पी! तू वरून पडलास तर नोरीनला घर कोरडं मिळेल, पण नवरा मिळणार नाही."

"वेळ नाही."

"मी येऊ का वर? जुन्या हातांना सवय आहे."

"माझं मी करतो, बर्नी."

"ते तर वर्षभर बघतेच आहे," ती म्हणाली आणि सूपाचं भांडं पायरीवर ठेवून गेली.

शनिवारी साडेतीनला शेवटचा झरोका झाला. सीलंट मधासारखं पसरून प्रत्येक स्क्रूवर नीट बसलं होतं. खरं म्हणजे इथेच थांबायला हवं होतं. पण दोन नळ्या उरल्या होत्या, आणि दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्याने खिडक्यांचं काम धरलं. चौकटीच्या वरून, बाजूंनी, खालून सीलंट फिरवलं. पलंगावरच्या खिडकीच्या चौकटीला खालच्या बाजूने दोन बारीक फटी दिसल्या. बोटाचं नखही जेमतेम जाईल एवढ्या. 'बघ, इथूनच शिरत असणार मेलं,' असं म्हणत त्याने त्या गच्च बुजवल्या आणि वरून अंगठा फिरवला.

रविवारी दुपारी पाऊस आला, समुद्रावरून आडवा. लाइल हातात बॅटरी घेऊन छताचा कोपरा न् कोपरा बघत फिरला. एक थेंब नाही! त्याला रडू यायचं बाकी राहिलं. नोरीनचा फोन आला.

"गादी कोरडी आहे ना?" ती रोज एवढंच विचारायची.

"खडखडीत," तो म्हणाला, आणि या खेपेला ते खरं होतं.

सोमवारी साडेआठ वाजता त्याला जाग आली ती खांदा गार पडला म्हणून. खिडकीची काच सरकायच्या खाचेत पाणी काठोकाठ भरलं होतं आणि तिथून शांतपणे, संथ धारेने नोरीनच्या उशीवर उतरत होतं. भिंतीची नवी फळी खालपर्यंत काळपट झाली होती. गादीवर हात दाबला तर बोटांमधून पाणी आलं.

तो तसाच अनवाणी बाहेर धावला. भर पावसात, ओल्या चौकटीवर, उरलेली नळी पिळत सुटला. सीलंट चिकटेना, पाण्याबरोबर भिंतीवरून ओघळू लागलं. तो तळहाताने ते पुन्हा पुन्हा वर सारत होता. "थांब ना! थांब!" असं तो ओरडत होता, कुणाला ते देव जाणे.

रेनकोट अडकवून बर्नी आली. तिने एकदा खिडकीकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

"खालच्या फटी कुठे गेल्या?"

"बुजवल्या. तिथूनच तर—"

"अरे देवा! लाइल, त्या पाणी आत यायच्या नाहीत, बाहेर जायच्या आहेत! खिडकीच्या खाचेत पाणी येणारच, जगातल्या प्रत्येक खिडकीच्या येतं. ते त्या फटींतून बाहेर पडतं. तू वाटच बंद केलीस, मग ते आत नाही येणार तर काय माझ्याकडे जाईल?"

तिने खिशातला चाकू काढून दोन्ही फटी कोरल्या. भसकन पाणी बाहेर आलं आणि त्याच्या अनवाणी पायांवर पडलं. मिनिटभरात आतली धार थांबली. एवढंच होतं. एका साध्या प्रश्नाचं काम होतं, आणि तो प्रश्न विचारायला शेजारीण दहा पावलांवर होती.

"नऊ वाजायला आले," बर्नी म्हणाली. आता तिचा आवाज उतरला होता. "माझी गादी ने. भिंतीला कपाट सरकवू. ती इस्पितळवाली काय कपाट हलवून बघणार आहे?"

लाइलने गादीचं एक टोक धरलंही. मग सोडून दिलं. त्या ओल्या भिंतीला नोरीन पुन्हा डोकं लावून झोपलेली त्याला दिसली. "नको," तो म्हणाला. "असंच गेलं वर्षभर चाललंय."

तमारा ग्रीर दहाला आली. तरुण होती, बूट दारात काढून आत आली. तिने यंत्र भिंतीला लावायच्या आधीच लाइलने सगळं सांगून टाकलं. सिलिकॉन, वरचं सीलंट, डॉक्टरांना सांगितलेलं खोटं, आजच्या फटी. "तिच्या छातीत जे झालं ते माझ्यामुळे झालं," तो म्हणाला. तिने ऐकून घेतलं, भिंत तीन ठिकाणी मोजली.

"छत चांगलं केलंय तुम्ही," ती म्हणाली. "पण या भिंतीशेजारी मी त्यांना झोपू देऊ शकत नाही. सहा आठवड्यांनी मी पुन्हा येईन."

ती गेल्यावर त्याने स्वतःहून फोन लावला. नोरीनने नेहमीचंच विचारलं, "गादी कोरडी आहे ना?"

"नाही," लाइल म्हणाला. "ओलीचिंब आहे. भिंतपण. तुला सेलमला जावं लागेल, नोरीन. सगळं माझ्यामुळे."

पलीकडे तिने नाकातली नळी सारखी केली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मार्चपासून उशीला वास यायचा. मी विचारायचे, तू कोरडी म्हणायचास. मग मी उशी उलटी करून झोपायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सिलिकॉन लावून छतावरून किती खुशीत उतरला होतास त्या दिवशी!"

तो ओल्या गादीवर बसला आणि हमसून रडला, फोन कानाला तसाच धरून. तिने त्याला रडू दिलं.

"ऐक," ती मग म्हणाली. "खिडकीखाली कागदी रुमाल ठेव. रोज सकाळी बघायचा आणि मला फोन करायचा. असेल तसं सांगायचं."

मंगळवारी तिला सेलमला नेलं. बुधवारी सकाळी सातला लाइलने रुमाल उचलला, दोन्ही बाजूंनी गालाला लावून बघितला आणि फोन केला.

"एका कोपऱ्यात ओला आहे," तो म्हणाला.

"बरं," नोरीन म्हणाली. "आता बर्नीला विचार, का ते."