उघड्या दाराची पाचर

मित्रांनो, दार आपोआप बंद होऊ नये म्हणून त्याच्या खाली सरकवतात तो लाकडाचा निमुळता तुकडा तुम्ही पाहिला असेल. त्याला पाचर म्हणतात. मी तशीच एक जुनी पाचर आहे. एवढ्याशा लाकडाला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्यावर भाषणं झाली आहेत आणि एका जाडजूड पुस्तकाच्या मुखपृष्ठावर माझा फोटो आहे.

माझा जन्म एका संस्थेच्या सुतारखोलीत झाला. गावाचा, शहराचा कारभार कसा चालवावा, नेतृत्व कसं करावं, हे त्या संस्थेत शिकवत. तिथे नव्याने लागलेल्या एक प्राध्यापक बाई सुतारकाकांकडे आल्या. त्यांच्या खोलीच्या दाराला स्प्रिंग होती, त्यामुळे ते सारखं मिटायचं.

"सगळे माझ्याकडे कडी बसवून मागतात," सुतारकाका म्हणाले. "दार मिटू नये म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्याच. चोर शिरला म्हणजे?"

"पुस्तकं नेईल. नेली तर वाचेल तरी," बाई म्हणाल्या.

सुतारकाकांनी मोडक्या बाकाच्या पायातून मला कापलं, कानशीने घासलं आणि बाईंच्या हातात दिलं.

बाईंचा अभ्यासाचा विषयच तो होता. ज्याच्या हातात निर्णय आहे, त्याच्यापर्यंत साध्या माणसाला पोचता आलं पाहिजे, असं त्या म्हणत. त्या कचेऱ्यांमधून हिंडल्या, बाहेरच्या बाकांवर लोकांबरोबर ताटकळत बसल्या, आणि जे पाहिलं ते त्यांनी लिहिलं. त्यावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुस्तक निघालं. व्याख्यानाला जाताना त्या मला पर्समध्ये घेत आणि भर सभेत उंच धरून म्हणत, "नेतृत्वाचं अर्धं शास्त्र या तुकड्यात आहे." टाळ्या पडत. लाकूड ओलाव्याने फुगतं. स्तुतीनेही फुगतं, हे मला तेव्हा कळलं.

बाईंची एक विद्यार्थिनी पुढे त्यांच्याच विभागात शिकवू लागली. तिला सगळे धाकट्या बाई म्हणत. रोज सकाळी चपलेच्या टोकाने मला दाराखाली सरकवायचं काम त्यांचं. "चला पाचरबाई, कामाला लागा," असं त्या म्हणायच्या आणि मी फरशीवर खर्रकन आवाज करत जागेवर बसायची. संध्याकाळी मोठ्या वर्गखोलीत धाकट्या बाई एक वेगळा वर्ग घेत. पहिल्यांदाच निवडून आलेल्या बायका दिवसाची कामं उरकून तिथे येत. त्यांच्यात कुणी परिचारिका होती, कुणी शिवणकाम करणारी, कुणी दुकान चालवणारी. सभेत आपलं म्हणणं कसं मांडायचं, अंदाजपत्रक कसं वाचायचं, हे त्या तिथे शिकत. पुस्तकातलं उघडं दार मला त्या वर्गात खरं झालेलं दिसायचं.

मग बाई संचालक झाल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सुतारकाकांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर आपल्या नव्या दाराची कडी काढायला लावली. फोटो निघाले. कडीच्या जागी स्क्रूची चार भोकं राहिली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ते दार आत उघडायचं. संस्थेतल्या सगळ्या दारांसारखा बाहेरून त्याला तपकिरी रंग होता, आतून पांढरा. उघडं दार धरून ठेवायचं, तर मला तपकिरी बाजूने लावावं लागे. तेव्हा मी दाराला मिटू देत नसे. तीच मी मिटलेल्या दाराला पांढऱ्या बाजूने लागले, तर दार उघडू देणार नाही. लाकूड तेच, फक्त बाजू बदलते.

काही महिने मी तपकिरी बाजूला होते. मग बाहेरच्या बोलण्याचा बाईंना त्रास होऊ लागला. "जरा शांतता हवी," म्हणून त्यांनी मला उचललं आणि काचेच्या कपाटात मानचिन्हांच्या शेजारी ठेवलं. दार स्प्रिंगने मिटू लागलं.

एक दिवस धाकट्या बाई आत आल्या. "मॅडम, आमची वर्गखोली बड्या अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमाला देणार, असं ऐकलं. मग वर्ग बंदच पडेल."

"तुझ्या बायकांशी बोलल्याशिवाय मी सही करणार नाही," बाई म्हणाल्या. "गुरुवारी सगळ्यांना घेऊन ये."

गुरुवारी संस्थेचे अध्यक्ष आधीच येऊन बसले. सहीचा कागद टेबलावर होता. बाहेर पावलं वाजली, बोलणं ऐकू आलं.

"या सगळ्या आत आल्या तर संध्याकाळ होईल," अध्यक्ष म्हणाले. "कडी लावून घ्या."

"दाराला कडी नाही."

"म्हणजे काय? कमालच आहे तुमची."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. कपाट उघडलं. ओळखीचा हात माझ्याभोवती मिटला. मला वाटलं, दार उघडायला नेत आहेत. बाई वाकल्या आणि त्यांनी मला पांढऱ्या बाजूने सरकवलं. वरून पायाने ठोकलं.

बाहेरून टकटक झाली. मग कुणीतरी दार ढकललं आणि मी फरशीवर खर्रकन वाजले. मित्रांनो, पाचरेचा स्वभाव असा की समोरचा जितका जोर लावेल तितकी ती घट्ट बसते. त्या बायकांचाच जोर मी त्यांच्याविरुद्ध वापरत होते.

"दार फुगलंय वाटतं," एक बाई म्हणाली. "जरा खांदा लावा गं."

"मॅडमचं दार बंद नसतं कधी. पुस्तकात लिहिलंय की," दुसरी म्हणाली. दोघीतिघी हसल्या.

"थांबा, ढकलू नका," धाकट्या बाई हळूच म्हणाल्या. "दार फुगलेलं नाही. आतून पाचर लावलीय. मी तिचा आवाज ओळखते."

मग हसणं थांबलं. पावलं लांब गेली. बाईंनी सही केली. दाराकडे त्यांनी पाहिलं नाही.

संध्याकाळचा वर्ग बंद पडला. धाकट्या बाईंनी संस्था सोडली. जाताना त्या निरोप घ्यायला आल्या नाहीत, आणि का आल्या असत्या? मी तर आतल्या बाजूची होते.

बाई अजून व्याख्यानांना जातात. अजून मला उंच धरतात, तेच वाक्य म्हणतात, तशाच टाळ्या पडतात. आता मी फुगत नाही. माझ्या उतारावर इतक्या वर्षांचा तपकिरी रंग घासला गेला आहे, आणि त्यावर एकच पांढरी रेघ आहे. सभेकडे बाई माझी सपाट बाजू करतात.

मित्रांनो, मला पॉलिश नको, काचेचं कपाट तर नकोच. दार उघडं ठेवण्याविषयी कुणी सुंदर बोलू लागलं, तर टाळ्या वाजवण्याआधी मला हातात मागून घ्या. उलटं करून बघा, आणि ही पांढरी रेघ कुठून आली, तेवढं विचारा.