किल्ल्या ज्यांच्या हातात

दुपारी तीनला समिती तपासणीला येणार होती आणि सकाळी आठलाच वास्तुशिल्पी बाई येऊन पोचल्या. व्याख्यानगृहाच्या जाड भिंतीला त्यांनी हात लावून पाहिला. गार असायला हवी ती भिंत कोमट होती. विद्यापीठाची ही नवी इमारत एसीशिवाय गार राहील, असं त्या तीन वर्षं छातीठोकपणे सांगत आल्या होत्या. आज आतला पारा बत्तीस अंशांच्या वर गेला तर सगळीकडे एसी बसणार, आणि पुढे बाईंना कोण विचारणार?

युक्ती तशी साधी. रात्रभर खिडक्या उघड्या ठेवून भिंती निववायच्या, सकाळी उन्हाआधी सगळं लावून घ्यायचं. इमारत ताब्यात देईपर्यंत, म्हणजे चार दिवसांपूर्वीपर्यंत, हे काम बाईंचीच माणसं करायची. आता मात्र खिडक्या सताड उघड्या होत्या आणि गरम वारा खुशाल आत शिरत होता.

किल्ल्या सांभाळणारे काका शाबासकीच्या आशेनं पुढे आले. धूळ नको म्हणून त्यांनी चारही रात्री खिडक्या घट्ट लावल्या होत्या. आज पाहुण्यांना हवा लागेल म्हणून सकाळी मुद्दाम उघडल्या होत्या. बाईंनी धावपळ करून सगळ्या लावल्या, पण बैल गेला अन् झोपा केला, त्यातली गत. अकराला एकतीस. एकला तेहतीस.

तीनला चौतीस होते. चार रात्री खिडक्या बंद राहिल्या, एवढंच बाईंनी समितीला सांगितलं. कुलसचिवांनी मान पुसत विचारलं, "रात्री खिडक्या कोणी लावल्या?"

दारात उभ्या काकांचा चेहरा पडला. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. नुसतं बोट दाखवलं असतं तर बाईंना तपासणीची दुसरी तारीख मिळाली असती. तो मोह त्यांना झाला, खोटं कशाला बोला.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला चाळीस चित्रं दाखवून समजावलं. किल्ल्या ज्यांच्या हातात दिल्या, त्यांना एका शब्दानं सांगितलं नाही."

"म्हणजे एका माणसाला ठाऊक नसलं की इमारत तापते. मग एसीच बरे," असं म्हणून कुलसचिवांनी सही ठोकली आणि समिती निघून गेली.

बाई बाकावर बसून राहिल्या. थोड्या वेळानं काका जवळ आले. एसी यायला किती दिवस लागतील, असं त्यांनी विचारलं. दोन महिने तरी, बाई म्हणाल्या.

"मग तोवर रात्री किती वाजता उघडायच्या, तेवढं सांगून ठेवा."

बाईंना रडू आवरेना. तेवढंच तर सांगायचं राहिलं होतं.